तीन उचल, एक सोड

मोहाडी
१२ ऑगस्ट २०२४

शोभाआत्या, पाया पडते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या इश्वरभाऊंजवळ निरोप दिला की तो तुमच्यापर्यंत अर्धाच पोचतो, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. या घरात सून म्हणून आले त्याला दहा वर्षं होतील, पण तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. हेमराज वरठीला ड्यूटीवर निघताना म्हणाले, पोस्टाची पेटी जागेवर आहे की नाही ते तरी आधी पाहून ये. पाहून आले. आहे.

बाबांचं सांगते. जूनमध्ये लकवा आला तेव्हा इश्वरभाऊ भंडाऱ्याला दवाखान्यात पाहून गेले होते, त्यापेक्षा आता बरे आहेत. पण उजवा हात उचलत नाही आणि तोंडातून शब्द निघत नाही. काही हवं असलं की बाजेच्या लाकडावर डाव्या हातानं ठोकतात. व्यायाम करून घ्यायला एक ताई येतात, त्या म्हणाल्या, डाव्या हातात पेन्सिल द्या, काहीही खरडू द्या. म्हणून आमच्या रुपाची गणिताची चौकटीची वही दिली. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की वही मांडीवर. एकेक चौकट काळी करत बसतात. काही काळ्या, काही तशाच कोऱ्या. चार बोटं जागा भरायला दोन तास लागतात. रुपा म्हणते, आजोबा माझ्या वर्गात आले.

त्यांच्यामुळे मलाही नाद लागला. दुपारी मागाच्या खोलीत बसते आणि मोबाइलवर पाहून डूडल काढते. माग माझ्या लग्नाच्या आधीच बंद झालेला, मी तो चालताना कधी पाहिला नाही. पण कोशाच्या रेशमाचे तुटके धागे, रिकाम्या कांड्या, सगळं तिथे तसंच पडून आहे. त्यातलं काही घ्यायचं, जुनं कॅलेंडर घ्यायचं, फुटक्या बांगड्या घ्यायच्या, आणि कागदावर चिकटवायच्या. मिक्स मीडिया म्हणतात त्याला. पहिल्या खेपेस तांदूळ चिकटवले, तर मुंग्यांनी अख्खं चित्र वेचून नेलं.

सोबतचं कार्ड त्यातलंच आहे. हिरवे डोंगर दिसतात ना, त्या बाबांच्या चौकटी. त्यांच्या वहीतला पट्टा कापून त्यावर रंग दिला. खाली धानाचा कोंडा आहे, सांडला तर रागावू नका.

आत्या, एक मागते. एकदा येऊन जा. तुमच्यात आणि बाबांच्यात काय आहे मला माहीत नाही, घरात त्यावर कोणी बोलत नाही. आई गेल्या तेव्हा तुम्ही आलात आणि अंगणातूनच परत गेलात, एवढंच मी पाहिलं. पण डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. दारात कोणी आलं की बाबा मान वर करतात, पाहतात, आणि परत खाली घालतात. कोणाची वाट पाहता, असं विचारलं की वही माझ्याकडे सरकवतात.

तुमची
रुचिका


दिघोरी
२३ ऑगस्ट

रुचिका बेटा, सुखी राह्य.

पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणे, काकू, तुमच्या नावानं पेन्शनच्या कागदाबिगर काहीतरी आलं. त्याले वाटलं कोर्टाची नोटीस असन. कोंडा सांडला नाही. डिंपलनं, माझ्या नातीनं, कार्ड देवाजवळ लावलं आहे.

भावाचं ऐकून वाईट वाटलं. इश्वर सांगतच होता, पण तो माणूस दवाखान्यात जाऊन डब्याचीच तारीफ करून आला.

येऊन जा म्हणतेस. माझे गुडघे धड नाही. मोहाडीले यायचं तं लाखांदूरले जा, तिथून भंडारा, भंडाऱ्यावरून आणखी बस. अन् धानाचं निंदण चालू आहे, बायका मिळून नाही राहिल्या. तू म्हणशीन म्हातारी बहाणे सांगून राहिली. तसं समज.

एक सहज विचारते. तो चौकटी भरते तं वरून खाली भरते का खालून वर? अन् कागदं कापू नोको. तुझा तो मिक्स का काय आहे तो दुसऱ्या कागदाचा कर. म्हाताऱ्या माणसाचे कागद कापू नये, बस.

शोभा


मोहाडी
५ सप्टेंबर

शोभाआत्या, नमस्कार करते.

खालून वर. वहीचं पान उभं धरतात आणि सगळ्यात खालची ओळ आधी भरतात. तुमचं पत्र आल्यावर मी नीट पाहिलं तेव्हा कळलं. तुम्हाला दिघोरीत बसून कसं कळलं?

पण तुमचं पत्र यायच्या आधीच माझ्या हातून व्हायचं ते होऊन गेलं. तान्ह्या पोळ्याला रुपाच्या लाकडी नंदीची सजावट करायची होती. बाबांच्या वहीत एक आकार पुन्हा पुन्हा येत होता. खाली निमुळता, वर दोन्हीकडे दोन शिंगं. मला वाटलं, पोळा जवळ आला म्हणून बाबा बैलाची तोंडं काढून राहिले. मला किती कौतुक वाटलं म्हणून सांगू. सगळी वही चाळली आणि ती तोंडं कापून घेतली. अकरा निघाली. पुठ्ठ्यावर चिकटवली, डोळ्यांना टिकल्या लावल्या, कोशाच्या धाग्यांचे गोंडे केले. एक रुपाच्या नंदीला, बाकी दहा गल्लीतल्या पोरांना. रुपाला पहिला नंबर मिळाला, स्टीलचा डबा.

डबा दाखवायला रुपा नंदी घेऊन बाबांजवळ गेली. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, त्याचं तोंड पाहिलं, आणि भिंतीवर फेकून मारला. आत्या, या माणसानं दहा वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रुपा रडत होती आणि त्यांचेही खांदे हलत होते. दोन दिवस पेन्सिल धरली नाही.

हेमराजना सांगितलं. त्यांनी पेटीतून बाबा-आईंच्या लग्नाचा फोटो काढला आणि वही शेजारी धरली. आईंच्या साडीची किनार करवतीच्या दात्यांची आहे. वहीतही तेच दाते, तेवढेच. ज्यांना मी डोंगर म्हटलं होतं ते.

आईंना सवाष्ण म्हणून त्याच साडीत निरोप दिला होता. म्हणजे ती किनार आता फक्त बाबांच्या डोक्यात आहे, आणि ते ती बायकोची आठवण म्हणून कागदावर उतरवत होते. विणकराच्या घरात राहून मला ते वाचता आलं नाही. मी तिचे बैल केले. माझं मलाच तोंड दाखवू वाटत नाही.

तुम्ही यांच्या घरात वाढलात, तुम्हाला हे वाचता येतं. या ना एकदा.

रुचिका


दिघोरी
१४ सप्टेंबर

रुचिका, सुखी राह्य.

तुझं पत्र वाचून चार दिवस काही लिहू वाटलं नाही. आता लिहून टाकते, मंग विषय संपला.

ती साडी निर्मलावहिनीची नाही. माझी होती.

एकोणऐंशी साली आमच्या मायनं एकाच मांडवात दोन लग्नं काढली. सकाळी भावाचं, सायंकाळी माझं. भावानं माझ्यासाठी महिनाभर बसून कोशाची साडी विणली, करवती किनारीची. किनारीच्या नक्षीचा चौकटीचा कागद खालून वर वाचतात, अन् तो एकट्याच्यानं मागावर चढत नाही. एकानं कागद धरून चौकटी मोजत सांगावं, दुसऱ्यानं धागे बांधावं. काळी चौकट म्हणजे धागा उचल, कोरी म्हणजे सोड. मी सांगे, तो बांधे. दोन उचल, एक सोड. तीन उचल, एक सोड. दुपारी जेवण झालं की त्याले डुलकी लागे. मंग मी मुद्दाम चूक सांगे, तीनच्या जागी चार म्हणे. तो डोळे मिटल्या मिटल्या ओरडे, चार नाही, तीन. झोपेतही त्याचा धागा चुकत नव्हता.

लग्नाच्या सकाळी पाह्यलं तं भावाच्या नवरीचा शालू उंदरानं कुरतडलेला. मायनं माझी पेटी उघडली अन् माझी साडी काढून नवरीकडे धाडून देल्ली. मले विचारलं नाही. म्हणे, घरात येणारी लक्ष्मी पयले, तू तं जाणारी. मी भावाकडे पाह्यलं. त्याच्या कपाळाले मुंडावळ्या बांधून राहिले होते. त्यानं माझ्याकडे पाह्यलं अन् मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही.

मी लाल मिलची साडी नेसून दिघोरीले आली. इथल्या बाया म्हणत, विणकराची पोरगी अन् अंगावर मिलचं कापड, बापाच्या घरी माग होता का नव्हता. पहिलं मूल होईपर्यंत हेच ऐकलं मी.

निर्मलावहिनीचा दोष नाही, तिले माहीत होतं का नाही देव जाणे. पण तिले त्याच साडीत नेलं ना, तवा मले भावजयीचं रडू नाही आलं, माझ्या साडीचं आलं. मेल्या माणसाजवळ उभी राहून मी किनार पाहून राहिली होती. माझीच मले लाज वाटली, म्हणून अंगणातून निघून आली.

आता तो बायकोची साडी काढून राहिला तं काढू दे. त्यात मी येऊन काय वाचू? तुझी काही चूक नाही, तू रडू नोको. पोट्टीले तिचा डबा वापरू दे.

शोभा


मोहाडी
२८ सप्टेंबर

शोभाआत्या, पाया पडते.

तुमचं पत्र हेमराजना वाचून दाखवलं. त्यांनाही माहीत नव्हतं. ते बराच वेळ बाहेर मोटरसायकल पुसत बसले. घरातल्या माणसांनी एवढी वर्षं हे तुमच्याकडेच राहू दिलं, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या सगळ्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागते. ती पुरणार नाही, ठाऊक आहे.

विषय संपला असं तुम्ही लिहिलंत, तरी लिहिते. कारण एक गोष्ट जुळत नाही.

मी ठरवलं, मी कापलं ते मीच जोडीन. गल्लीत घरोघर जाऊन बैल मागितले. दिलेला बैल परत मागणारी बाई म्हणून आता माझं नाव झालं आहे. एकाच्या बदल्यात दोन डूडल काढून द्यायचं कबूल केलं तेव्हा पोरांनी दिले. दहा मिळाले. अकरावा शेजारच्या मंदाबाईंच्या नातवानं गणपतीसोबत तलावात शिरवला. चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून गोंद सैल केला आणि एकेक तोंड सोडवलं. टिकल्या काढल्या. डोळ्यांच्या जागी डाग राहिले आहेत.

मागाच्या खोलीत पाटावर सगळी पानं मांडली, खालून वर, आणि कापलेले तुकडे त्यांच्या भोकांत बसवले. बाबांना खुर्चीवर बसवून तिथे नेलं. वाटलं पुन्हा चिडतील. नाही चिडले. वाकून पाहत राहिले. मग डाव्या हाताच्या बोटानं एक तुकडा गव्हाएवढा डावीकडे सरकवला. तिथेच तो बसत होता.

आता ऐका. लग्नाच्या फोटोवर रुपाचं भिंग धरून पाहिलं. आईंच्या अंगावरच्या साडीत, म्हणजे तुमच्या साडीत, दोन दात्यांच्या मधली जागा कोरी आहे. काहीच नाही. बाबांच्या कागदावर प्रत्येक दोन दात्यांच्या मध्ये ते शिंगांचं तोंड आहे. अकराही ठिकाणी. म्हणजे बाबा ती साडी काढत नाहीत. दुसरीच कुठली तरी काढतात, जी मी पाहिली नाही आणि हेमराजनीही नाही.

साडीच्या किनारीत बैल कोणी विणतं का? एक तुकडा सोबत पाठवते आहे. एकच पाठवते, सांभाळा. अकराव्याच्या जागी भोक आहे, बाबा रोज तिथे बोट ठेवतात आणि माझ्याकडे पाहतात. पेन्सिल दिली तर घेत नाहीत.

रुचिका


दिघोरी
५ ऑक्टोबर

रुचिका बेटा,

हे बैल नाही बाई. शिंगाडा आहे.

तुझा कागद हातात घेतला अन् मी ओसरीत खाली बसून गेली. डिंपल घाबरली, तिले वाटलं बीपी वाढला.

मोहाडीच्या तलावात शिंगाड्याचा वेल लावलेला राहे. मी आठ-नऊ वर्षांची असन, भाऊ चौदाचा. चोरून तोडायले गेलो. चिखलात जुना वाळला शिंगाडा होता, त्याचा काटा माझ्या टाचेत आरपार घुसला. त्यानं मले पाठीवर घेऊन घरापर्यंत आणलं, अन् रस्ताभर म्हणे, मायले सांगू नोको, तुले मी शिंगाड्याची साडी विणून देईन. पाठीवर बसून मी म्हटलं, करवत पण पाह्यजे. तो म्हणे, करवत पण.

लग्न ठरलं तवा त्यानं खरंच कागद काढला. दात्यांच्या मधात शिंगाडा, दोन शिंगांचा. पण तारीख जवळची निघाली. शिंगाडा चढवायले आणखी महिना पाह्यजे होता. तो म्हणे, आता बिनशिंगाड्याची नेस, शिंगाड्याची मागून देतो. अन् मंग ती बिनशिंगाड्याचीही गेली.

मी तुले अर्धंच लिहिलं होतं. आता उरलेलं लिहिते, तुझ्यापाशी लपवून काय करू.

लग्नाले सात-आठ वर्षं झाली असन, दिवाळी आटोपली होती, धानाची मळणी चालू होती. भाऊ दिघोरीले आला. काखेत कागदाची गुंडाळी. अंगणात उभा राहून म्हणे, शोभा, दोन दिवस मोहाडीले चाल. कागद चढवायचा आहे, सांगायले कोणी नाही. निर्मलाले सांगून पाह्यलं, तिच्यानं होत नाही. तुझ्याशिवाय होत नाही. मी त्याच्याकडे पाठ करून सुपानं धान पाखडत होती. म्हटलं, मले टाइम नाही. तो पाणी पिऊन गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला, मी घरात असून नाही म्हणून सांगायले लावलं. तिसऱ्या खेपेले कागद नव्हता त्याच्याजवळ, नुसता आला अन् गेला.

मी लिहिलं की तो एक शब्द बोलला नाही. मांडवात नाही बोलला हे खरं. पण मंग तो बोलला होता, माझ्या दारात तीनदा आला. मी नाही ऐकलं. तवा तं माझे कान चांगले होते.

तो भोकावर बोट ठेवून तुझ्याकडे पाहते ना, तुले भर नाही म्हणत. सांगणारी कुठं आहे म्हणून विचारते.

शनिवारी दसरा आहे. रविवारी सकाळच्या बसनं निघते. गुडघ्याचं मी पाहीन. त्याले सांगू नोको, नाहीतर दाराकडे पाहून पाहून जेवणार नाही. तुझा तुकडा मी संगं आणते, तोवर पानं हलवू नोको, अन् गोंद लावू नोको.

शोभा


मोहाडी
२० ऑक्टोबर

शोभाआत्या, पाया पडते.

तुम्ही काल गेलात आणि आज पत्र लिहिते आहे, म्हणून नवल वाटेल. सहा दिवस समोर होतात तेव्हा का नाही सांगितलं, असंही म्हणाल. तोंडानं जमलं नाही. पाटीवर लिहून द्यावं असंही मनात आलं, पण ते पाटीवर मावणारं नव्हतं.

तुम्ही आलात तो दिवस मी विसरणार नाही. पिशवीतून ओले शिंगाडे काढून तुम्ही बाबांच्या मांडीवर ठेवलेत. ते शिंगाड्याकडे पाहून राहिले, तुमच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती त्यांची. तुम्ही चष्मा लावला, पाटाजवळ बसलात, आणि सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरू केलंत. दोन उचल, एक सोड. तुमचा आवाज मोठा येतो, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांचा डावा हात हवेत उचलायचा आणि सोडायचा. समोरचा माग बंद, त्यावर एक धागा नाही, पण हात जणू तिथेच धागे बांधून राहिला होता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही भोकापाशी आलात. तिथे वाचायला कागदच नव्हता. तुम्ही चष्मा काढला आणि डोळे मिटून सांगू लागलात. मी दाराशी रुपाला घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, चार उचल, एक सोड. तेव्हा बाबांनी खुर्चीच्या लाकडावर तीनदा ठोकलं. ते तुम्हाला दिसलं, तुम्ही लगेच तीन म्हणालात आणि पुढे गेलात. ठोकणं दिसलं. पण तुम्हाला ऐकू आलं नाही ते सांगते.

आत्या, बाबा बोलले. ठोकायच्या आधी बोलले. आवाज घोगरा होता, जीभ जड होती, पण मी ऐकलं आणि रुपानंही ऐकलं. "चार नाही, तीन." जूनपासून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

मी ओरडून तुम्हाला थांबवणार होते. पण तुम्ही दोघं पुढच्या ओळीला निघून गेला होतात. तुम्हाला मध्ये थांबवणं मला जमलं नाही. सायंकाळी हेमराज म्हणाले, भास असेल. भास दोघींना होत नाही. नंतर मी किती विनवलं, पुन्हा एक शब्द निघाला नाही. मग तुम्हाला सांगायची भीती वाटली, की सांगितलं तर तुम्ही ऐकायला बसाल, आणि ऐकू येणार नाही, आणि तुम्हाला वाईट वाटेल. पण सांगितलं नाही तर माझ्याच जिवाला खात राहील. तुमच्यासाठी बोललेले शब्द माझ्याकडे ठेवून मी काय करू?

अकरावा शिंगाडा तुम्ही सांगितला तसा मी चौकटी भरून बसवला आहे. आता सगळा कागद पुठ्ठ्यावर लावायचा आहे. मागे काय लावू कळत नाही. पांढरा पुठ्ठा फार उघडा दिसतो. कोशाचं कापड घरात उरलेलं नाही. तुम्हीच सांगा.

धानकापणी झाली की या. बाबा दाराकडे पाहत नाहीत आता. कागदाकडे पाहतात.

तुमची
रुचिका


दिघोरी
१७ नोव्हेंबर

रुचिका बेटा, सुखी राह्य.

भावाची तेरवी करून परवा घरी आली. तुझं वीस तारखेचं पत्र आज हातात पडलं. तो गेला म्हणून फोन आला, त्याच दिवशी सकाळी ते इथं आलं होतं म्हणे. मी रडत बसली होती, म्हणून डिंपलनं वहीत ठेवून देल्लं अन् विसरून गेली. मी तिले काही म्हटलं नाही. तिनं तवाच देल्लं असतं तरी मी कुठं वाचत होती.

तेरा दिवस मी तुझ्या घरी होती. तुले वाटत असन मी पत्र वाचलं आहे अन् त्यावर बोलत नाही. मले वाटे, ही पोरगी माझ्याकडे अशी काऊन पाहून राहिली. दोघीही गप. आमच्या घराची रीतच आहे ही, आता तू तरी ती मोड.

मागं काय लावू विचारलं होतंस. सोबत पुडकं आहे, ते लाव. माझ्या लग्नाची लाल मिलची साडी. पंचेचाळीस वर्षं पेटीच्या तळाशी ठेवली. नेसली नाही, कोणाले देल्ली नाही, पोतेऱ्यालेही लावली नाही. राग ठेवायले काहीतरी पाह्यजे होतं. आज कैचीनं तिचा पदर कापला. भावाचा कागद तिच्यावर चिकटव. आता गोंद लाव, पक्का लाव. बैलाच्या डोळ्याचे डाग राहू दे. रुपाले म्हण, तिचे आहेत.

आता त्या चार अन् तीनचं.

तू लिहिलंस की मले ऐकू आलं नाही. खरं आहे, ऐकू नाही आलं. पण मी तिथं चार चुकून नाही म्हटलं बेटा. तो कागद मले अजून तोंडपाठ आहे, झोपेतही सांगीन. तीन आहे ते मले माहीत होतं. दोन दिवस त्याचा हात हलून राहिला होता, पण आतमधात माझा भाऊ आहे का नुसता हात आहे, हे मले कळत नव्हतं. म्हणून मुद्दाम चूक सांगितली, पयलेसारखी.

अन् डोळे मी मिटले नव्हते. किलकिले ठेवून त्याच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. ओठ हलले. मले वाटलं, मलेच तसं पाह्यजे होतं म्हणून दिसलं असन. म्हणून कोणाले बोलली नाही, अन् घाईघाईनं पुढं गेली. तुझं पत्र वाचलं तवा कळलं की तो खरंच बोलला.

तुमची आत्या
शोभा